चांदीच्या चकतीवर पोलोनियम: पाणी आणि पानांतलं पोलोनियम-२१० मोजण्याची पद्धत कशी बसवावी

नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात किरणोत्सारी मूलद्रव्यं मोजण्याचं काम नव्याने सुरू करायचं असेल, तर पहिला हात पोलोनियम-२१० वर बसवावा. हॉटप्लेट, सेंट्रिफ्यूज, फ्यूम हूड, वजनाचा चांगला काटा हे सामान बहुतेक ठिकाणी आधीच असतं. पोलोनियम चांदीवर आपोआप चढतं, म्हणून विद्युतविलेपनाचा संच लागत नाही आणि महागड्या रेझिनवाचूनही भागतं. अल्फा कण त्यांच्या ऊर्जेप्रमाणे वेगळे मोजणारा अल्फा स्पेक्ट्रोमीटर मात्र हवाच. तो नसेल तर रसायनकाम इथे उरकून चकत्या मोजणीसाठी बाहेर पाठवता येतात. पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८.४ दिवसांचं आहे, त्यामुळे आठवडाभर इकडेतिकडे झाल्याने काम बुडत नाही, तारखा तेवढ्या चोख लिहाव्या लागतात.

छापील कृती कुठेही मिळते. पण ती सिन्नरच्या जड पाण्यावर किंवा दिंडोरीच्या द्राक्षपानावर चालेल की नाही, हे आपल्याच बाकावर तपासावं लागतं. त्या तपासणीलाच पद्धत बसवणं म्हणतात. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट विचारायची: पोलोनियम आत्ता कुठे आहे? द्रावणात, अवक्षेपात, बीकरच्या काचेवर की हूडच्या धुराड्यात?

आधी प्रश्न ठरवा, मग लिटर

'पाण्यातलं पोलोनियम मोजायचं' एवढ्यावर काम सुरू करू नका. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पोलोनियम-२१० ची मार्गदर्शक पातळी लिटरला ०.१ बेक्वेरल, म्हणजे १०० मिलिबेक्वेरल आहे (एक बेक्वेरल म्हणजे सेकंदाला एक विघटन). पाणी त्या पातळीखाली आहे का, एवढंच सांगायचं असेल तर एक लिटर पुरतं. पण नाशिकच्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे आणि या खडकात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी. इथल्या बोअरवेलच्या पाण्यात पोलोनियम लिटरला एखाद-दुसरा मिलिबेक्वेरल किंवा त्याहूनही कमी असेल असं धरूनच तयारी करावी. खरा आकडा हवा असेल तर मग पाच लिटर लागतं.

हा हिशेब कागदावर आधी करा. समजा डिटेक्टरची कार्यक्षमता २० टक्के, रासायनिक रिकव्हरी (नमुन्यातलं जेवढं पोलोनियम शेवटी चकतीवर पोचतं तो हिस्सा) ८० टक्के, मोजणी २४ तास म्हणजे ८६,४०० सेकंद, आणि पोलोनियमच्या खिडकीत, म्हणजे त्याच्या ऊर्जेच्या पट्ट्यात, दिवसाला २ गणनांची पार्श्वभूमी. शोधमर्यादेचं, म्हणजे खात्रीने ओळखता येईल अशा किमान मात्रेचं, करी (Currie) यांचं सूत्र आहे २.७१ + ४.६५ × √पार्श्वभूमी. इथे ते ९.३ गणना येतं. त्याला ०.२० × ०.८० × ८६,४०० ने भागलं की लिटरला ०.६७ मिलिबेक्वेरल. पाच लिटर घेतलं तर ०.१३. लिटरला एक मिलिबेक्वेरल असलेल्या पाण्याच्या एका लिटरमधून दिवसात जेमतेम १४ गणना मिळतील आणि नुसती मोजणीची अनिश्चितता २७ टक्के होईल. पाच लिटरमधून ६९ गणना मिळतात, अनिश्चितता १२ टक्क्यांवर येते. पाच लिटरचा कॅन उचलून आणायचा की नाही, ते हे आकडे सांगतात.

मूलद्रव्यं वेगळी न करता पाण्यातली एकूण अल्फा मोजून काम भागणार नाही का, असं हमखास विचारलं जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण अल्फाची मर्यादा लिटरला ०.१ बेक्वेरल आहे आणि चाळणी म्हणून ती मोजणी ठीक आहे. पण लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी ५ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीत आटवलं, तर दर चौरस सेंटिमीटरला २५ मिलिग्रॅमचा थर बसतो. अल्फा कण अशा थरातून ५-६ मिलिग्रॅमच्या पलीकडे येतच नाहीत. शिवाय थाळी जास्त तापली की पोलोनियम उडून जातं. म्हणजे ज्याच्या शोधात आहोत तेच आधी हातचं जायचं.

ट्रेसर आणि परवाना

ट्रेसर म्हणजे नमुन्यात मोजून घातलेलं, ओळखता येणारं त्याच मूलद्रव्याचं समस्थानिक; वाटेत किती हरवलं ते त्यावरून कळतं. इथे पोलोनियम-२०९ हा ट्रेसर. त्याची अल्फा ४.८८ एमईव्हीची (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक), आपल्या पोलोनियम-२१० ची ५.३० एमईव्हीची. दोन शिखरं स्वच्छ वेगळी दिसतात. अर्धायुष्य सुमारे १२५ वर्षं. जुन्या तक्त्यांत १०२ वर्षं सापडेल, तेव्हा प्रमाणपत्रावर कोणता आकडा धरलाय ते पाहून घ्या. पोलोनियम-२०८ सुद्धा चालतं, पण त्याची ५.११ एमईव्हीची रेघ २१० च्या जवळ येते आणि अर्धायुष्य तीनेक वर्षांचंच. मिळत असेल तर २०९ च घ्यावं.

द्रावण मागवण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीतून नोंदणी आणि परवान्याची चौकशी करा. 'एवढ्याशा मात्रेला परवाना कशाला' हे आपलं आपण ठरवू नये. संस्थेत विकिरण सुरक्षा अधिकारी असेल तर पहिला कागद त्यांच्याकडे. खरं तर या कामातला रोजचा धोका ट्रेसरपेक्षा तापलेल्या नायट्रिक आम्लाचाच जास्त. तरीही पोलोनियम पोटात जाणं वाईट, म्हणून तोंडाने पिपेट ओढायची नाही, बाकावर चहा ठेवायचा नाही आणि प्रत्येक काम ट्रेमध्येच करायचं.

एका नमुन्याला २० ते ३० मिलिबेक्वेरल ट्रेसर पुरतो. ३० मिलिबेक्वेरलमधून वरच्या हिशेबाने दिवसाला ४१५ गणना मिळतात. जास्त घालून शिखर उंच दिसतं खरं, पण चकतीवरून सुटणारे अणू डिटेक्टरवर जाऊन बसतात, आणि २०९ चा डाग एकदा बसला की तुमच्या निवृत्तीपर्यंत तिथेच राहतो.

ट्रेसर मापून घालू नका, वजनाने घाला. छोट्या प्लॅस्टिकच्या ड्रॉपर बाटलीत ठेवा, घालण्याआधी आणि नंतर बाटलीचं वजन चार दशांश स्थळांपर्यंत घ्या. काम संपल्यावरचं वजन वहीत लिहा आणि पुढच्या वेळी बाटली उघडण्याआधी तेच येतंय का बघा. कमी भरलं तर पाणी उडालंय आणि द्रावण घट्ट झालंय. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये झाकण नीट न लागलेल्या बाटलीत हे सहज होतं, आणि मग सगळे निकाल एकाच दिशेने चुकत जातात.

नमुना घेताना

पोलोनियमला भिंतींची फार ओढ. आम्ल न घातलेल्या पाण्यातून ते कॅनच्या प्लॅस्टिकला जाऊन चिकटतं. म्हणून जागेवरच आम्ल घालायचं, प्रयोगशाळेत पोचल्यावर नाही. लिटरला २ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्लाने सुरुवात करा आणि पीएच कागदाने २ च्या खाली गेल्याची खात्री करा. इथल्या विहिरींचं पाणी जड, बायकार्बोनेट भरपूर. त्यामुळे कधी कधी आणखी एक-दोन मिली लागतं. नायट्रिकही चालतं असं वाचायला मिळेल. पाण्यासाठी हायड्रोक्लोरिकच बरं, कारण नायट्रेट पुढे चांदीला खातं. ते आत येऊच दिलं नाही की ते घालवण्याची पायरीही वाचते.

गाळायचं असेल तर आम्ल घालण्याआधी, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या पाण्यात याने फारसा फरक पडणार नाही. पण पावसाळ्यात रामकुंडावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं असताना घेतलेला नमुना निम्मा गाळच असतो. त्यात थेट आम्ल घातलं तर गाळातलं पोलोनियम पाण्यात उतरतं आणि तुम्ही मातीचा आकडा पाण्याच्या नावावर लिहिता. गाळून घेतलं की न गाळता, हे निकालाच्या ओळीतच यायला हवं.

पानांचा प्रश्न वेगळा आणि जास्त गमतीचा. पानांवरचं पोलोनियम मुळांतून फारसं येत नाही. जमिनीतून निघालेला रेडॉन हवेत विघटन पावतो, त्यातून शिसं-२१० आणि पुढे पोलोनियम-२१० तयार होतं आणि ते धूळ-पावसासोबत पानावर बसतं. म्हणून द्राक्षाचं पान धुऊन मोजायचं की न धुता, याने उत्तरच बदलतं. पान किती धरून ठेवतं हे हवं असेल तर धुऊ नका. देठातून आत काय गेलं हे हवं असेल तर धुवा आणि धुतलेलं पाणीही मोजा. बोर्डो मिश्रणाची फवारणी झालेली पानं असतील तर फवारणीची तारीख लिहून ठेवा. वाळवणी ६० अंशांच्या आत. राख करण्यासाठी भट्टीत घालणं या कामात बाद. पोलोनियम शे-दीडशे अंशांपासूनच उडू लागतं.

पाणी: लोखंडासोबत खाली बसवणं

पाच लिटर पाणी बादलीवजा बीकरमध्ये घ्या. रिकामा कॅन थोड्या विरल आम्लाने विसळून तेही त्यात ओता. ट्रेसर घाला. लिटरला १० मिलिग्रॅम लोखंड होईल एवढं फेरिक क्लोराइडचं द्रावण घाला. तास-दोन तास ढवळत ठेवा. रात्रभर ठेवलंत तर उत्तम. ट्रेसर आणि नमुन्यातलं पोलोनियम एकाच रासायनिक रूपात यायला हा वेळ लागतो. आम्लामुळे निघालेला कार्बन डायऑक्साइडही तोवर उडून जातो.

मग ढवळता ढवळता अमोनिया थेंबाथेंबाने. पीएच ८ ते ९ च्या मध्ये आला की लोखंडाचे तपकिरी लोळ दिसू लागतात आणि पोलोनियम त्यांच्यासोबत खाली बसतं. इथे थांबायचं. घाई करून १० च्या वर गेलात तर जड पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही खाली बसू लागतं. तळाशी बोटभर पांढुरका चिखल होतो आणि तो विरघळवायला इतकं आम्ल लागतं की पुढची तीव्रता हातात राहत नाही. अवक्षेप पांढरट दिसला तर समजावं पीएच वर गेलाय. थोडं आम्ल घालून विरघळवा आणि पुन्हा बसवा, फेकू नका.

चार-पाच तास किंवा रात्रभर बसू द्या. वरचं निवळ पाणी नळीने काढून घ्या, पण पद्धत पक्की होईपर्यंत ओतून देऊ नका. उरलेलं सेंट्रिफ्यूज करा, डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुवा. अवक्षेप ४ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून १०० मिलीपर्यंत पाणी घाला. झालं सुमारे ०.५ मोलर द्रावण, चांदीसाठी तयार.

पानं, तंबाखू, माती

सरावासाठी तंबाखू घ्या. तंबाखूच्या चिकट, केसाळ पानांवर पोलोनियम हमखास असतं; ग्रॅमला १० ते २० मिलिबेक्वेरल हा नेहमी आढळणारा पल्ला. दुकानातून सिगारेटचं एक पाकीट आणलं की घरबसल्या खरा नमुना हाती येतो, आणि आपला आकडा त्या पल्ल्याच्या दहापट किंवा दहाव्या हिश्शात आला तर चूक कुठेतरी मोठी आहे हे लगेच कळतं.

एक ग्रॅम वाळलेला नमुना २५० मिलीच्या बीकरमध्ये. ट्रेसर आधी, आम्ल नंतर. १५ मिली संहत नायट्रिक आम्ल घालून वॉच ग्लासने झाकून रात्रभर थंडच ठेवा. दुसऱ्या दिवशी हूडमध्ये ८०-८५ अंशांवर, तपकिरी वाफा थांबेपर्यंत. मग थोडं थंड करून ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एकेक मिली घालत जा. फेस वर येतो. एकदम पाच मिली ओतलं तर नमुना हॉटप्लेटवर जातो. द्रावण फिकट पिवळं आणि स्वच्छ होईपर्यंत हे करा. पर्क्लोरिक आम्लाच्या वाटेला जाऊ नका, त्याला वेगळा हूड लागतो.

त्यानंतरची पायरी नवशिक्यांना कंटाळवाणी वाटते, आणि अर्ध्याअधिक चकत्या इथेच बिघडतात. द्रावण तळाशी मिलीभर उरेपर्यंत आटवा, ५ मिली संहत हायड्रोक्लोरिक घाला, पुन्हा आटवा. असं तीनदा. उद्देश नायट्रेट पूर्ण घालवणं हा. तापमान ९० अंशांच्या आत आणि कधीही कोरडं ठक्क नाही. हॉटप्लेटच्या डायलवरचा आकडा खरा मानू नका. शेजारी पाण्याचा बीकर ठेवून त्यात थर्मामीटर घाला. शेवटी १०० मिली ०.५ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये घ्या आणि गाळ असेल तर गाळून घ्या. गाळ टाकू नका, त्याचं काम पुढे आहे.

मातीसाठी हीच कृती चालते, पण नायट्रिक-हायड्रोक्लोरिकने मातीचे सिलिकेट फुटत नाहीत. संपूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि त्याची सोय, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि शिकवलेला माणूस या तिन्ही गोष्टी नसतील तर ते बाटलीतून काढू नये. तोवर निकालापुढे 'आम्लात उतरलेलं' असं स्पष्ट लिहा.

चकती

नाशिकच्या सराफ बाजारात चांदीचा पत्रा सहज मिळतो. दागिन्यांची ९२.५ टक्क्यांची चांदी नको, तिच्यात तांबं असतं. ९९९ चा पत्रा मागा, ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा, आणि तुमच्या डिटेक्टरच्या धारकात बसेल त्या व्यासाच्या चकत्या पंच करून घ्या. कडा सपाट हव्यात. वाकलेली चकती डिटेक्टरखाली तिरकी बसते.

चकती धातूच्या पॉलिशने घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, मग अल्कोहोलने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. यापुढे बोट लावायचं नाही, फक्त चिमटा. मागच्या बाजूला सुईने क्रमांक कोरा. मागची बाजू झाकली नाही तर पोलोनियम दोन्हीकडे चढतं आणि निम्मं वाया जातं.

धारक घरीच बनतो. रुंद तोंडाच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापा. झाकणाच्या आत चकती आणि तिच्यावर सिलिकॉनचा वॉशर ठेवून बाटली घट्ट आवळा आणि उलटी करा. चकती तळाशी, चेहरा वर, द्रावण तिच्यावर. आधी साध्या पाण्याने गळतंय का पाहा. या रचनेत हवेचे बुडबुडे चकतीवर अडकत नाहीत, पण द्रावणात कण असतील तर ते तिच्यावरच बसतात. चकती द्रावणात लटकवली तर कणांचा त्रास नाही, मात्र खाली तोंड असलेल्या चकतीवर बुडबुडा बसतो आणि तेवढी जागा कोरी राहते. गाळलेलं पाणी असेल तर बाटली, मातीचं द्रावण असेल तर उभी लटकवलेली चकती, अशी विभागणी चालते.

द्रावणात एस्कॉर्बिक आम्ल घाला, ०.२ ग्रॅमपासून सुरुवात करून लोखंडाचा पिवळा रंग पूर्ण जाईपर्यंत. फेरिक लोखंड चांदीला खातं, फेरस खात नाही. ०.५ ग्रॅम घालूनही पिवळेपणा परत येत असेल तर नायट्रेट किंवा पेरॉक्साइड उरलंय. आणखी एस्कॉर्बिक ओतत बसण्यापेक्षा मागे जाऊन पुन्हा हायड्रोक्लोरिकबरोबर आटवा. ८५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, हलकं ढवळत, तीन तास. पाणी उडेल तसं गरम डिस्टिल्ड पाणी घालत राहा. वेळ संपली की चकती द्रावण गरम असतानाच काढा, पाण्याने आणि मग अॅसिटोनने धुवा, हवेवर वाळवा. अॅसिटोनचं धुवण नायट्रिकच्या कचऱ्यात कधीही जाता कामा नये, बाटली फुटते.

चांगली चकती जवळपास चांदीसारखीच दिसते, फार तर किंचित पिवळसर. काळी, राखाडी किंवा पांढरी भुकटी आलेली चकती मोजली जाते, पण शिखर पसरतं.

मोजणी आणि हिशेब

चकती वाळल्यावर चार-पाच तास थांबा. हवेतल्या रेडॉनची अल्पायुषी अपत्यं तिच्यावर बसलेली असतात, तेवढ्यात ती संपतात. मग निर्वातात २४ तास मोजणी. शिखरांची रुंदी ४० केईव्हीच्या आत असेल तर थर पातळ आहे. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की अल्फा शिखराला खालच्या ऊर्जेकडे शेपटी असते. २१० वर आणि २०९ खाली असल्याने २१० ची शेपटी ट्रेसरच्या खिडकीत घुसते. नमुना ट्रेसरपेक्षा कितीतरी जास्त सक्रिय असेल तर ट्रेसर फुगलेला दिसतो आणि निकाल कमी येतो. अशा वेळी नमुना कमी घ्या.

एक ग्रॅम तंबाखूचा हिशेब असा. २१० च्या खिडकीत २०७ गणना, पार्श्वभूमी २, निव्वळ २०५. २०९ च्या खिडकीत ४१५, पार्श्वभूमी १, निव्वळ ४१४. ट्रेसर घातला होता ३० मिलिबेक्वेरल. २०५ भागिले ४१४ गुणिले ३० म्हणजे १४.९ मिलिबेक्वेरल प्रति ग्रॅम. यात डिटेक्टरची कार्यक्षमता कुठेच आली नाही, कारण दोन्ही समस्थानिकं एकाच चकतीवर, एकाच अंतरावर आहेत. कार्यक्षमता लागते ती फक्त रिकव्हरी काढायला: ४१४ भागिले (०.०३० × ०.२० × ८६,४००), म्हणजे ८० टक्के. मोजणीची अनिश्चितता दोन्ही शिखरं धरून साडेआठ टक्क्यांच्या आसपास.

गळती कुठे आहे

पद्धत बसवताना थेट नमुन्यावर उडी घेऊ नये. आधी फक्त ट्रेसर स्वच्छ ०.५ मोलर आम्लात घेऊन चकती काढा. ९० टक्क्यांच्या वर रिकव्हरी आली पाहिजे. मग ट्रेसर अधिक लोखंड अधिक एस्कॉर्बिक. मग डिस्टिल्ड पाण्यात लोखंडाच्या अवक्षेपासह पूर्ण कृती. मग बोअरवेलचं पाणी. मग तंबाखू. ज्या पायरीला रिकव्हरी घसरली, तिथेच गळती.

घसरण दिसली की त्याच द्रावणात दुसरी चकती तीन तास घाला. तिच्यावर १०-१५ टक्के आलं तर पोलोनियम द्रावणातच होतं आणि पहिल्या चकतीला वेळ, उष्णता किंवा ढवळणं कमी पडलं. दुसऱ्या चकतीवर काहीच नाही आणि तरी पहिलीवर ६० च टक्के, तर ते आधीच गेलं: जपून ठेवलेलं निवळ पाणी, बीकर गरम ६ मोलर हायड्रोक्लोरिकने विसळून घेतलेलं द्रावण, आणि गाळ, या तिन्हींतून चकत्या काढा. तिथेही नसेल तर हवेत उडालं, म्हणजे हॉटप्लेट.

प्रत्येक तुकडीत एक कोरा नमुना हवाच: सगळी रसायनं, ट्रेसर, पण नमुना नाही. पोलोनियम-२१० रसायनांतून, विशेषतः लोखंडाच्या द्रावणातून, आणि नीट न धुतलेल्या काचेतून येतं. ट्रेसरमध्येच थोडं असू शकतं. असे सात-आठ कोरे जमले की त्यांच्या पसरटपणावरून तुमची खरी शोधमर्यादा कळते, आणि ती सूत्राच्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच निघते.

ट्रेसरला जे दिसत नाही

रिकव्हरी ९० टक्के आली म्हणून निकाल बरोबर, असं समजणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक. ट्रेसर फक्त स्वतःचा प्रवास सांगतो. तो तुम्ही घातला तेव्हा द्रावणात होता; नमुन्यातलं पोलोनियम मातीच्या कणाच्या पोटात होतं. कण फुटलाच नाही तर ट्रेसर ९० टक्के चकतीवर येईल, आणि नमुन्यातलं निम्मं पोलोनियम गाळात राहील. आकडा सुबक, शिखर धारदार आणि उत्तर निम्मं. कॅनच्या भिंतीला ट्रेसर घालण्याआधी चिकटलेलं पोलोनियमही असंच निसटतं.

याचा इलाज बाहेरून येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची प्रमाणित संदर्भद्रव्यं मिळतात. पोलोनियमसाठी मॉस-मातीचं आयएईए-४४७ वापरलं जातं. ते तुमच्याच कृतीने करा. तुमच्या आणि प्रमाणित आकड्यातल्या फरकाला दोघांच्या एकत्रित अनिश्चिततेने भागा. २ च्या आत आलं तर ठीक. प्रमाणपत्रावरची तारीख पाहून क्षय धरायला विसरू नका. ते मिळेपर्यंत निदान गाळ पुन्हा एकदा ताज्या ट्रेसरसह आम्लात उकळून चकती काढून बघा. त्यात नमुन्याच्या दहा टक्क्यांहून जास्त २१० निघालं तर पहिलं विरघळवणं अपुरं आहे.

आणि एक प्रश्न नाशिकमध्ये येणारच: लासलगावच्या कृषक केंद्रात विकिरण दिलेल्या कांद्यात हे सापडेल का? नाही. २००२ पासूनच्या त्या केंद्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून देतात; त्या ऊर्जेने कांदा किरणोत्सारी होत नाही, आणि पोलोनियमचा तर तिथे काहीच संबंध नाही. कांद्याच्या पापुद्र्यावर पोलोनियम सापडलंच तर ते धुळीचं आणि हवेचं, न विकिरणित कांद्यावर असतं तसंच.

तारखा

चार तारखा वेळेसकट लिहा: नमुना घेतल्याची, चकती काढल्याची, मोजणी सुरू झाल्याची आणि संपल्याची. चकती काढल्यावर मोजणीला दहा दिवस लागले तर २१० पाच टक्क्यांनी घटलेलं असतं. ही दुरुस्ती सरळ आहे. नमुना ते चकती या काळाची दुरुस्ती सरळ नाही, कारण नमुन्यातल्या शिसं-२१० मधून नवं पोलोनियम तयार होत असतं. शिसं आणि पोलोनियम समतोलात असतील तर काहीच बदलत नाही. ताज्या पानावर मात्र शिसं जास्त, पोलोनियम कमी. असा नमुना महिनाभर कपाटात राहिला तर पोलोनियम कमी होण्याऐवजी वाढलेलं सापडतं.

शिसं जाणून घ्यायचं असेल तर पहिल्या चकतीनंतरचं द्रावण टाकू नका. त्यात आणखी एक-दोन चकत्या घालून उरलंसुरलं पोलोनियम पूर्ण काढा, नाहीतर जुना ट्रेसर पुढचा हिशेब बिघडवेल. पीएच वाढू न देता, बाटलीवर तारीख टाकून सहा महिने ठेवा. तेवढ्यात शिशाच्या सक्रियतेच्या साठ टक्क्यांपेक्षा थोडं कमी पोलोनियम तयार होतं. मग ताजा ट्रेसर घाला आणि पुन्हा चकती.

निकाल लिहिताना आकडा, अनिश्चितता आणि ती किती पट धरली, संदर्भतारीख, रिकव्हरी, गाळलं का, पान धुतलं का, पूर्ण विरघळवलं की आम्लात उतरवलं, हे सगळं एका ओळीत बसतं. शोधमर्यादेखाली आलेला नमुना 'शून्य' किंवा 'आढळलं नाही' असा लिहू नये, 'लिटरला ०.१३ मिलिबेक्वेरलपेक्षा कमी' असं लिहा आणि वहीत मोजलेला आकडा, तो ऋण आला असेल तरी, तसाच ठेवा. मोजून झालेल्या चकत्या क्रमांकासकट पाकिटात जपा. चार-पाच महिन्यांनी त्याच चकतीवर २१० चं शिखर निम्म्यावर आलेलं आणि २०९ चं जागच्या जागी दिसलं, तर ते शिखर पोलोनियमचंच होतं हे पक्कं होतं.